डॉक्टर, पाऱ्याचंच यंत्र लावा!

गेल्या बुधवारी आमच्या गावचा बाजार होता. दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी होती. गेली अकरा वर्षे माझ्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एक बाई स्टुलावर येऊन बसल्या. मी इलेक्ट्रॉनिक यंत्राचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळू लागलो, तसा त्यांनी हात मागे घेतला. "डॉक्टर, हे नको. ते पाऱ्याचं काढा. त्यात पारा चढताना दिसतो, उतरताना दिसतो. ह्यात नुसते आकडे येतात. ते खरे कशावरून?"

मागे बाकावर बसलेल्या चौघा-पाचांनी माना डोलावल्या. एकाने तर निकालच देऊन टाकला, "सरकारनं पाऱ्यावर बंदी घातली म्हणे, कंपन्यांची मशिनं खपावीत म्हणून!"

हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला निरनिराळ्या रूपांत ऐकू येत आहे. एका शिक्षकांचा फोन आला, घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर आहे, दंड होईल का? औषधाच्या दुकानात काचेचा थर्मामीटर मिळेना म्हणून एक गृहस्थ दुकानदाराशी भांडून आले. या सगळ्यांवर कडी एका घरात झाली. 'पारा म्हणजे विष, आता त्यावर बंदी आहे' असे कानावर आल्यावर त्या घरच्या सूनबाईंनी थर्मामीटर उचलला आणि सकाळी पेटलेल्या बंबात टाकून दिला. बंब न्हाणीघरात, न्हाणीघराला खिडकी नाही आणि दाराशी दोन वर्षांचे मूल खेळत होते. सुदैवाने सासूबाईंनी मुलाला उचलून अंगणात नेले. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हते, काच फुटल्याचा आवाज आला म्हणून नेले एवढेच. ही हकीकत ऐकल्यावर मी या आठवड्याचा ठरलेला विषय बाजूला ठेवला.

आधी नियमांविषयी सांगतो, कारण अफवा तिथूनच निघाल्या आहेत. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा घालणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमधील कुमामोतो येथे सह्या झाल्या. त्याला मिनामाता करार म्हणतात. तो ऑगस्ट २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने जून २०१८ मध्ये त्याला औपचारिक मान्यता दिली. करारात वस्तूंची एक यादी आहे. पाऱ्याचे थर्मामीटर, रक्तदाबमापक, हवेचा दाब मोजणारे बॅरोमीटर, काही प्रकारचे दिवे आणि सेल त्या यादीत येतात. या वस्तूंचे उत्पादन, आयात आणि निर्यात २०२० नंतर थांबवायची असे ठरले. ज्या देशांना जास्त वेळ हवा होता त्यांना तो मागता येत होता. भारताने २०२५ पर्यंतची सवलत घेतली.

हा रोख कारखाने आणि व्यापारावर आहे, हे नीट लक्षात घ्यावे. तुमच्या कपाटातला थर्मामीटर जप्त करायला या करारामुळे कोणीही येणार नाही आणि तो घरात आहे म्हणून दंडही होणार नाही. धार्मिक आणि पारंपरिक उपयोगाच्या वस्तूही यादीतून वगळल्या आहेत. म्हणजे देव्हाऱ्यातल्या पारदशिवलिंगालाही या कराराने हात लावलेला नाही. (असे शिवलिंग तापवू नये किंवा घासून चमकवू नये, हे मात्र मी वैद्यकीय नात्याने सांगेन.)

आता मुळात पाराच का वापरत होते? इटलीच्या तोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याची नळी उभी करून हवेचा दाब दाखवला. फॅरनहाइटने १७१४ मध्ये पाऱ्याचा थर्मामीटर केला. इटलीतच रीव्हा-रोच्ची या डॉक्टरांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर रक्तदाब मोजण्याची सोय केली. पुढे १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत दिली. तुमच्या कागदावर मी '१३० बाय ८०' लिहितो तेव्हा त्याचा अर्थ १३० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ असा असतो. पारा पाण्याच्या सुमारे साडेतेरा पट जड आहे. त्याऐवजी पाणी वापरायचे म्हटले तर १२० चा दाब दाखवायला सव्वापाच फुटांहून उंच नळी लागेल, आणि २०० चा दाब असलेल्या माणसासाठी ती नऊ फुटांवर जाईल. दवाखान्याचे छतच वाढवावे लागेल. पारा नळीला चिकटत नाही, चकाकतो म्हणून दिसतो आणि उष्णतेने सारखा फुगतो. म्हणून दोन-तीनशे वर्षे तो डॉक्टरांचा विश्वासू नोकर राहिला. आपण रागावलेल्या माणसाचाही 'पारा चढला' असेच म्हणतो. सेलवरच्या यंत्राला अजून अशी म्हण मिळालेली नाही.

म्हणजे पारा खोटा ठरला म्हणून तो चालला आहे, असे नाही. तो विषारी आहे, आणि त्याचे काम बिनविषारी साधने करू शकतात, म्हणून तो चालला आहे. या दोन कारणांची गल्लत झाल्यामुळे लोक चिडले आहेत.

पाऱ्याच्या विषाचे स्वरूप थोडे चमत्कारिक आहे. लहान मुलाने थर्मामीटर चावला आणि त्यातला पारा गिळला, तर आईबाप धावत येतात. वास्तविक गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही, तो शौचावाटे निघून जातो. अशा वेळी मला काचेच्या तुकड्यांची काळजी जास्त वाटते. तोंडातली काच काढावी, चूळ भरायला लावावी, उलटी करवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. मात्र तोच पारा फरशीच्या फटीत किंवा गोधडीच्या शिवणीत राहिला तर त्याची हळूहळू वाफ होते. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे आत गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसातून रक्तात शिरतो, आणि तिथून मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतो. रोज थोडी थोडी वाफ बराच काळ आत जात राहिली, तर हाताला कंप सुटतो, झोप उडते, स्वभाव चिडका आणि भित्रा होतो, हिरड्या सुजतात आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. ही वाफ जमिनीलगत जास्त असते, म्हणून रांगणाऱ्या मुलाला तिचा धोका सर्वांत अधिक. पारा तापवला की वाफ एकदम आणि भरपूर होते. बंद खोलीत अशी वाफ घेतल्यास काही तासांत फुप्फुसांना सूज येऊ शकते. बंबाची गोष्ट ऐकून मी का हादरलो, ते आता कळेल.

माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही पारा तळहातावर खेळवत असू आणि तांब्याच्या पैशावर चोळून त्याचा 'रुपया' करत असू. सर रागावत, पण पारा सांडला म्हणून! विषाचा विषय कोणाच्याच डोक्यात नसे.

पाऱ्याचे तिसरे रूप सगळ्यांत घातक आहे. गटारात टाकलेला पारा ओढ्यात, नदीत, तळ्यात जातो. तिथल्या गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल पारा नावाच्या संयुगात रूपांतर करतात. ते लहान माशांत, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत आणि शेवटी माणसाच्या ताटात येते. जपानमधील मिनामाता गावी एका रासायनिक कारखान्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे खाडीत सोडले जात होते आणि हे संयुग त्यात तयार स्वरूपातच होते. आधी मांजरे वेड्यासारखी नाचून मेली. मग माणसांचे हातपाय वळू लागले, दृष्टी आणि बोलणे गेले, आणि पोटातली मुले अपंग जन्मली. मे १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखाना हेच कारण आहे हे सरकारने मान्य करेपर्यंत १९६८ साल उजाडले. कराराला त्या गावाचे नाव आहे ते यासाठी.

'हे सगळे जपानचे, आमच्या थर्मामीटरचा काय संबंध?' असे कोणी विचारील. संबंध तमिळनाडूतील कोडाईकनालशी आहे. तिथे १९८० च्या दशकात अमेरिकेतून हलवून आणलेला थर्मामीटरचा एक मोठा कारखाना होता. थर्मामीटर बाहेर जात आणि पारा लागलेली फुटकी काच मागे राही. २००१ मध्ये अशी कित्येक टन काच गावातल्या भंगारवाल्याकडे पडलेली आढळली. लोकांनी आणि पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पारायुक्त कचरा जहाजाने परत अमेरिकेला पाठवावा लागला. कामगार मात्र आपल्या प्रकृतीच्या तक्रारी घेऊन वर्षानुवर्षे झगडत राहिले. त्यांच्याशी कंपनीची तडजोड २०१६ मध्ये झाली, म्हणजे कारखान्याला कुलूप लागल्यानंतर पंधरा वर्षांनी. घरातल्या थर्मामीटरमध्ये पारा साधारण अर्धा ते एक ग्रॅमच असतो. पण तो भरणाऱ्यांच्या नाकासमोर किलोंनी असतो, याचा विचार आम्ही डॉक्टर मंडळींनीही कधी केला नव्हता.

नाराजी फक्त आपल्याकडेच झाली असेही नाही. युरोपीय संघाने २००७ मध्ये ताप मोजायचे आणि सामान्य ग्राहकांना विकली जाणारी पाऱ्याची इतर मापक साधने बंद करायचे ठरवले, तेव्हा इंग्लंडातल्या बॅरोमीटर बनवणाऱ्या कारागिरांनी मोठी ओरड केली. भिंतीवर लाकडी चौकटीत बॅरोमीटर लावायची तिकडे जुनी हौस आहे. आमची विद्या बुडेल, आम्ही पारा वापरतो तरी किती, एकीकडे पारा असलेले सीएफएल दिवे लावा म्हणता आणि दुसरीकडे आमच्यावर बंदी घालता, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. बॅरोमीटरला दोन वर्षांची जादा मुदत मिळाली आणि त्या वेळी पन्नास वर्षांहून जुन्या असलेल्या साधनांना सूट मिळाली. पुढे दिव्यांचीही पाळी आलीच. सीएफएल आणि ट्यूबलाइट बंद करण्याच्या मुदती कराराच्या नंतरच्या परिषदांत ठरल्या आहेत. वाडवडिलांच्या वस्तूवरचे प्रेम मी समजू शकतो. माझे पहिले रक्तदाबयंत्र वडिलांनी पगारातून पैसे साठवून घेऊन दिले होते. त्याच्या पत्र्याच्या झाकणावर आतल्या बाजूने त्यांनी स्वतःच्या हाताने माझे नाव रंगवले होते.

आता थर्मामीटर फुटला तर काय करायचे ते सांगतो. हे कापून ठेवले तरी चालेल.

पहिल्यांदा मुलांना आणि मांजर-कुत्र्याला त्या खोलीबाहेर काढा. पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि घराच्या आतल्या बाजूचे दार लावून घ्या. हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा, कारण सोन्याला पारा लागला की सोने पांढरे पडते. केरसुणी वापरू नका. तिने एका थेंबाचे शंभर थेंब होतात आणि ते फटीत जातात. झाडायचे विजेचे यंत्र तर मुळीच नको, ते पाऱ्याची वाफ करून घरभर उडवते. पत्त्यांच्या जोडातली दोन पाने किंवा लग्नपत्रिकेचे जाड कागद घेऊन थेंब एकमेकांकडे ढकला. पारा पाऱ्याला लगेच मिळतो. मोठा थेंब झाला की डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने ओढून घ्या. खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत जमिनीलगत तिरका टाकला की राहिलेले कण चमकतात. ते चिकटपट्टीने टिपा. हे सर्व, फुटक्या काचेसकट, थोडे पाणी घातलेल्या प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत टाका आणि बरणीवर 'पारा' असे लिहा. मोरीत, बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका. गादीवर किंवा गोधडीवर सांडला असेल तर तेवढे कापड बाजूला काढा, धुवायला टाकू नका. खोली निदान एक दिवस मोकळ्या हवेवर ठेवा. एवढे केले तर एका थर्मामीटरने घरातले कोणी आजारी पडण्याची शक्यता फार कमी आहे. उगाच घाबरून रक्ताच्या तपासण्या करू नका. रक्तदाबाचे यंत्र फुटले तर गोष्ट वेगळी. त्यात ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे शंभर थर्मामीटरांइतका पारा असतो.

आणि पांढरी पडलेली अंगठी सोनाराकडे नेलीत, तर त्याला पारा लागल्याचे आधी सांगा. तो ती सरळ भट्टीत धरतो. सोने पुन्हा पिवळे होते, पण पारा सोनाराच्या छातीत जातो.

नव्या थर्मामीटरचेही एक पथ्य आहे. त्यात बटणासारखा सेल असतो. रिमोट, खेळणी आणि वजनकाटा यांत असतात ते नाण्याएवढे सेल तर त्याहून वाईट. गिळलेला पारा बहुधा निघून जातो, पण असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली तरी केळे खायला घालून वाट पाहू नका. सरळ एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. जुन्याला विष म्हणायचे आणि नव्याचे दोष झाकायचे, हे माझ्याच्याने व्हायचे नाही.

बाकी डिजिटल थर्मामीटर वापरायला सोपा आहे. जिभेखाली धरून तोंड मिटायचे आणि 'पीं' असा आवाज येईपर्यंत थांबायचे. काखेत लावला तर तोंडापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. २०२० मध्ये कोरोनाच्या दिवसांत दारोदारी कपाळावर रोखलेल्या बंदुका आठवत असतील. उन्हातून आलेल्याला ताप आणि पंख्याखाली बसलेल्याला ९४ असे त्या दाखवत. त्यामुळे लोकांचा सगळ्याच नव्या साधनांवरचा विश्वास उडाला. पण ती बंदूक वेगळी आणि जिभेखालचा थर्मामीटर वेगळा.

आता रक्तदाबाच्या यंत्राकडे येतो. तिथे गैरसमजाची किंमत जास्त आहे.

तक्रार ठरलेली असते: 'दर वेळी वेगळा आकडा दाखवते, म्हणजे यंत्र खोटे.' माझे म्हणणे असे की तुमचा रक्तदाबच दर वेळी वेगळा असतो. बोललात तर वाढतो, जिना चढून आलात तर वाढतो, लघवी तुंबली असेल तर वाढतो, चहा-तंबाखूनंतर वाढतो. हात लोंबता ठेवला की आकडा जास्त येतो, पायावर पाय टाकून बसलात तरी जास्त येतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी जास्त येतो. पाऱ्याच्या यंत्रानेही हे फरक येतच होते. फक्त मी एकदाच मोजत असे आणि तुम्ही एकच आकडा ऐकत होता. शिवाय खरे सांगायचे तर आम्ही डॉक्टर कानाने ऐकून आकडा गोळाबेरीज करतो. १३३ ला १३० म्हणतो आणि १३७ ला १४०. माझे जुने कागद काढून पाहिलेत तर त्यात शेवटी शून्य नसलेला आकडा क्वचितच सापडेल.

घरी मोजायचे तर दंडावर लावायचे यंत्र घ्या, मनगटावरचे नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. हात टेबलावर, छातीच्या पातळीला ठेवा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. घरचा आकडा दवाखान्यातल्यापेक्षा थोडा कमीच येतो. म्हणून दवाखान्यात १४० बाय ९० ही रेषा धरतात, तर घरी १३५ बाय ८५. वर्षातून एकदा आपले यंत्र दवाखान्यात आणा, म्हणजे त्याच हातावर आळीपाळीने माझ्या आणि तुमच्या यंत्राने मोजून पाहू. चार-पाचांचा फरक चालतो. दर वेळी दहाच्या वर फरक पडत असेल तर यंत्र दुरुस्तीला द्या. नाडी अनियमित चालत असेल तर मात्र या यंत्रांचा अंदाज चुकू शकतो. अशांनी डॉक्टरांकडून स्टेथोस्कोप लावूनच मोजून घ्यावे. त्यासाठी काटा असलेले, घड्याळासारखे यंत्र आहे. त्यालाही पारा लागत नाही. पण ते एकदा खाली पडले की काटा हलतो, म्हणून त्याची तपासणी सहा महिन्यांनी-वर्षाने करावी लागते.

हे मला आधीपासून ठाऊक होते असे नाही. २०१६ मध्ये एका निवृत्त गुरुजींनी त्यांच्या मुलाने पुण्याहून आणलेले यंत्र मला दाखवायला आणले होते. लागोपाठ तीनदा मोजले तर १५८, १४९ आणि १४४ आले म्हणाले. गर्दीची वेळ होती. मी यंत्राकडे नीट पाहिलेही नाही. "गुरुजी, ही खेळणी आहेत. माझ्या पाऱ्यावर विश्वास ठेवा," असे म्हणून मी पुढच्या रुग्णाला हाक मारली. पुढे गुडघे दुखतात म्हणून त्यांचे दवाखान्यात येणे लांबत गेले. बरे वाटते म्हणून त्यांनी गोळी अर्धी केली. पाच महिन्यांनी एका पहाटे त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली.

नंतर एकदा मुलगा ते यंत्र घेऊन आला. त्यात मागचे आकडे साठवलेले असतात. शेवटच्या सहा आठवड्यांत गुरुजींनी नऊ वेळा मोजले होते. एकही आकडा १७० च्या खाली नव्हता, आणि शेवटचा १९२ होता. "बाबा म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय, हे खेळणं आहे," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. त्या रात्री दवाखाना बंद केल्यावर मी ते यंत्र आणि माझे पाऱ्याचे यंत्र शेजारी ठेवून स्वतःचाच दाब सात-आठ वेळा मोजला. मुलाचे यंत्र चार-पाचांनी जास्त दाखवत होते. मग माझे यंत्र दिव्याखाली धरले. नळी आतून काळवंडली होती आणि पट्टा सोडल्यावर पारा शून्यावर न थांबता चार मिलिमीटर खाली थांबत होता. कमी मी दाखवत होतो. गुरुजी पुढे चार वर्षे अंथरुणावर होते.

बुधवारच्या बाईंचे राहिले. त्यांना मी पाच मिनिटे बसवले आणि आधी इलेक्ट्रॉनिक यंत्राने मोजले. १५२ बाय ९२ आले. मग काट्याचे यंत्र लावले आणि स्टेथोस्कोप त्यांच्याच कानात घालून आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते ऐकवले. १५० बाय ९०. "म्हणजे दोन्हीकडं सारखंच की," त्या म्हणाल्या आणि मग सांगितले की गेले दहा दिवस गोळ्या संपल्या आहेत.

राहता राहिला प्रश्न जुन्या साधनांचे काय करायचे, याचा. २०१६ च्या घनकचरा नियमांत फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळे ठेवावेत असे स्पष्ट लिहिले होते. घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात ते टाकायचे नाहीत. आता आमच्या गावात ते वेगळे घेते कोण, हे विचारायला मी गेलो. दवाखान्यातला कचरा नेणाऱ्या गाडीवरचा माणूस म्हणाला, "हे आमच्या पिवळ्या पिशवीत चालत नाही, लाल पिशवीतही नाही." त्याचे बरोबर आहे. पिवळ्या पिशवीतला कचरा जाळतात आणि पारा जाळायचा नसतो. तो घातक कचऱ्याचा परवाना असलेल्याकडेच जायला हवा. एका कार्यालयाला मी पत्र दिले आहे, स्मरणपत्रही दिले आहे. उत्तर आले की याच सदरात कळवीन.

तोवर ज्यांच्याकडे न फुटलेला थर्मामीटर असेल त्यांनी तो फोडू नये, जाळू नये, पुरू नये. तो त्याच्या नळकांड्यात घालून, कापसात गुंडाळून, मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवावा. घरात ठेवायचा नसेल तर गुरुवारी दुपारी चार ते पाच या वेळात माझ्या दवाखान्यात आणून द्यावा. माझ्या पत्र्याच्या यंत्राचे झाकण पट्टीने बंद करून ते मी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले आहे. त्याच डब्यात वाळू घालून आतापर्यंत आलेले अकरा थर्मामीटर उभे करून ठेवले आहेत. त्यातल्या एकावर दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून तशीच आहे, साडेबारा रुपये.